बहिणीला थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर निघालाय. उपचार काय असतात, ती बरी होईल ना?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला राहणाऱ्या तुमच्या बहिणीच्या गळ्यातल्या गाठीचा सुईने काढलेला रिपोर्ट ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ असा आलाय, वय ३२, बाळ अजून अंगावर पितंय आणि घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. मी फोंड्याची. डॉक्टर नाही, पण याच आजारासाठी माझं थायरॉइड काढलेलं आहे.

बरी होण्याची आशा खूप मोठी आहे. थायरॉइडच्या कॅन्सरांत दहातले आठ तरी पॅपिलरीच असतात आणि तो सावकाश वाढतो. वय ५५ च्या आत असेल तर मानेतल्या गाठींत पसरला तरी स्टेज पहिलीच धरतात. फुप्फुसात किंवा हाडांत गेला असला तरी दुसरी. तिसरी-चौथी त्या वयाला नाहीच. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण हयात असतात. नेटवर वाचून घाबरला असाल तर ते वर्णन कुठल्या प्रकाराचं आहे ते आधी बघा. मेड्युलरी वेगळा, त्याच्यावर रेडिओ-आयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा डोस, उरलेल्या थायरॉइडच्या पेशी मारणारा) चालत नाही. अ‍ॅनाप्लास्टिक फार वेगाने वाढतो, पण तो बहुतेक उतारवयात होतो. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टात हे दोन्ही नाहीत.

मुख्य उपचार ऑपरेशनच. माझं ठाम मत सांगते: घाईने तारीख घेण्यापेक्षा थायरॉइडची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधा. दोन-तीन आठवडे गेले तर या आजारात सहसा काही बिघडत नाही. ग्रंथीला चिकटूनच आवाजाची नस जाते आणि मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी असतात. नस दुखावली तर आवाज बसतो, त्या ग्रंथी दुखावल्या तर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. बहुतेकांचं हे काही दिवसांत निवळतं, थोड्यांचं कायम राहतं. म्हणून हात सरावाचा हवा. गाठ चार सेंटीमीटरपेक्षा लहान आणि ग्रंथीतच असेल तर अर्धी ग्रंथी काढून भागेल का, हे स्पष्ट विचारा.

रेडिओ-आयोडीन सगळ्यांना लागत नाही. कमी धोक्याच्या रुग्णांत ते न देताही तीन वर्षांत निकाल तसाच राहिला, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं. ठरतं ते ऑपरेशननंतरच्या बायोप्सीवर. लागलंच तर आधी एक-दोन आठवडे आयोडीनचं पथ्य: आयोडीनयुक्त मीठ नाही, समुद्राचं मीठ नाही, दूध-दही नाही आणि समुद्राचं नुस्तं (मासे) अजिबात नाही. आपल्या घरात हेच सगळ्यात जड जातं. हुमणाचा (माशांच्या आमटीचा) वास येत असताना एकटीने डाळ-भात जेवणं कठीण, त्या दिवसांत सगळ्यांनीच शिवराक (शाकाहारी) जेवलात तर तिला बळ येईल. मुंबईला पाठवलं तर परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे थायरॉइडचं काम अनेक दशकं चालतं.

पूर्ण ग्रंथी काढली तर थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. शिवाय थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइडच्या पेशींतून येणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. हा आजार कित्येक वर्षांनीही मानेत परत येऊ शकतो आणि लवकर सापडला तर आवरता येतो.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलेलं आहे का ते आजच बघा. बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवायला जाल तेव्हा कार्ड, सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीच्या काचपट्ट्याही न्या. बरेचदा त्या पुन्हा तपासतात.

आता बाळाबद्दल, कारण हे कुणी आपणहून विचारेलच असं नाही. ऑपरेशनसाठी दूध कायमचं तोडावं लागत नाही, गोळीनेही नाही. पण रेडिओ-आयोडीन द्यायचं ठरलं तर त्याच्या निदान सहा आठवडे आधी पाजणं थांबवावं लागतं आणि या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. डोसानंतर काही दिवस त्याला कडेवर घेणं, कुशीत झोपवणंही बंद, तेवढ्यासाठी आजी किंवा मावशी आधीच ठरवून ठेवा. पुढचं मूलही त्यानंतर सहा महिने ते वर्षभर लांबवायला सांगतात. पहिल्याच भेटीत सर्जनला सांगा की ती पाजती आई आहे. कमी धोक्याच्या आजारात आयोडीन काही महिने पुढे ढकलता येतं.