बंब तापेपर्यंतचे वाचन

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. नोकरी लागल्यापासून सुटलेले वाचन पुन्हा धरायचे, त्यासाठी १ जानेवारीपासून पहाटे चारला उठायचे आणि वर्षभरात पन्नास पुस्तके संपवायची, हा तुझा बेत वाचला. हेतू मनापासून आवडला. आकडा मात्र पटला नाही.

तुझ्या वयाचा असताना एका थंडीत मीही रोज शंभर पाने वाचण्याचे ठरवले होते. नऊ दिवस निभावले, दहाव्या दिवशी ताप आला, आणि बुडालेल्या पानांची बाकी अशी साचत गेली की पुस्तकाकडे पाहणेच मी टाळू लागलो. पुढच्या हिवाळ्यात वाचन परत आले ते घरातल्या तांब्याच्या बंबामुळे. सकाळी बंब पेटवणे माझ्याकडे होते. पाणी तापायला वीस-पंचवीस मिनिटे लागत, मधूनमधून ढलप्या सारायच्या असल्याने तिथून हलता येत नसे, आणि खरे तर त्या उबेपासून उठवतही नसे. म्हणून न्हाणीघराच्या कोनाड्यात मी एक पुस्तक ठेवून दिले. पाण्याला आधण आल्याचा आवाज येऊ लागला की खूण घालून उठायचे, एवढाच नियम होता. पुढे गीझर आला, पाच मिनिटांत पाणी मिळू लागले, आणि महिन्याभरात माझे सकाळचे वाचन थांबले. सवय इतकी वर्षे बंबाला बांधलेली होती, हे तेव्हा उमगले. मग मी ती चहाला बांधली: दहा पाने झाल्याखेरीज आधण ठेवायचे नाही. ती आजही टिकून आहे. तुझ्या दिवसात असे रोज हमखास घडणारे काय आहे, ते आधी शोध. १ जानेवारीची वाट पाहू नकोस.

काय वाचावे, हेही तू विचारले आहेस. आवडीच्या विषयातच फिरत राहू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. काही वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडे एका स्नेह्यांच्या शेतात आगटीभोवती बसून आम्ही हुरडा खात होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेली कणसे ते तळहातावर चोळत होते, आणि पाऊस संपल्यावर महिनोन्महिने हा शाळू कशावर वाढतो, या माझ्या प्रश्नाला त्यांनी ‘ओलीवर’ असे एका शब्दात उत्तर दिले. घरी येऊन मी मराठी विश्वकोश उघडला. ज्वारीवरून मृदेवर गेलो. काळी माती पावसाचे पाणी खोलवर धरून ठेवते आणि रब्बीचे पीक त्यावर निघते, हे वाचले. ती माती बेसाल्टची झीज होऊन झालेली, आणि तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच खडकात अजिंठा आणि वेरूळची लेणी कोरली आहेत, हे कळल्यावर शिल्पकलेचे पुस्तक हाती घेतले, जे एरवी मी कधीच उघडले नसते. तीन आठवडे गेले, पुस्तक एकही संपले नाही, आणि तरी माझ्या आयुष्यातले ते सर्वांत समृद्ध वाचन होते असे मी मानतो. वर्षाला पन्नासचा हिशेब ठेवला असता, तर मी त्या वाटेला गेलोच नसतो.

विश्वकोश तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला आकाराला आला आणि आता तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, तेव्हा पुस्तके महाग असल्याची अडचण निदान इथे नाही. वाचताना एक वही जवळ असू दे. सारांश लिहीत बसू नकोस. पडलेला प्रश्न आणि तारीख, एवढे पुरे. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, अंधार लवकर पडतो, रात्रीच्या जेवणानंतर गोधडी ओढून अर्धा तास सहज मिळतो. त्या वेळी सकाळच्या प्रश्नाचा माग काढावा.

एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी वीस पाने वाचून भरपाई करू नकोस, दहाच वाच. माझी पहिली थंडी त्या भरपाईतच वाया गेली.

जानेवारीत सुट्टी काढून ये. स्नेह्यांचा शाळू तोवर हुरड्यावर आलेला असेल. येताना वही आण. त्यातले प्रश्न आगटीजवळ बसून वाचू.

तुझा,
काका