जुन्या नाटक कंपन्यांत नटाची नोकरी नेमकी कशी असे?

विचारलंय ते थोडक्यात असं: संगीत नाटकांच्या काळात नट कंपनीतच राहायचे म्हणतात, मग त्यांना पगार, बढती, निवृत्ती असं काही होतं का, आणि कंपनी बंद पडल्यावर ते जगायचे कशावर?

पगार होता. बढतीही होती, फक्त ती गळा आणि अंगलट बघून मिळायची. निवृत्ती नव्हती. नट थकला की कंपनीतच काहीतरी बारीकसारीक करत राहायचा, आणि कंपनी थकली की सगळेच रस्त्यावर यायचे.

यातलं थोडं वाचलेलं आहे, बरंचसं घरात ऐकलेलं. माझ्या आजोबांचे थोरले चुलतभाऊ, आमचे तात्या, 1919 च्या सुमारास एका संगीत कंपनीत गेले. वय वर्षं नऊ. बाहेर पडले तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिच्याकडे तात्यांचा सहा महिन्यांचा पगार शेवटपर्यंत राहिला आणि आता त्यावर बोलायला त्या बाजूचं कुणी उरलेलं नाही.

आधी 'बिऱ्हाड' म्हणजे काय ते सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरून कळतं. कंपनी गावात आली की एखादा वाडा भाड्याने घ्यायची. मालक, नट, पेटीवाले, तबलजी, पडदेवाले, कपडेपट सांभाळणारे, आचारी, वाढपी, सगळे तिथेच. चाळीस-पन्नास माणसांची पंगत रोज. आठवड्याला दोन-तीन खेळ, ते रात्री सुरू होऊन पहाटेकडे संपायचे. उरलेल्या दिवशी सकाळी गाण्याची तालीम, दुपारी गद्याची. उत्पन्न घटलं की सामान बांधायचं आणि पुढचं गाव. तात्यांनी तेरा वर्षांत स्वतःच्या हाताने एक भाजी विकत घेतली नव्हती, असं आजी चिडून सांगायची. खोटं नसावं. लग्नानंतरही त्यांना मेथी आणि शेपू ओळखता यायचे नाहीत.

पगार म्हणजे जेवणखाण, राहणं, कपडे आणि वर रोख. पोरांना रोख जवळपास नाहीच. तात्यांचे महिन्याला तीन रुपये वडिलांच्या नावे मनिऑर्डरने यायचे आणि ते आले की गावी म्हणायचे, पोरगं कमावतं झालं. पोरांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी काही कंपन्या मास्तर ठेवत. राम गणेश गडकरी तरुणपणी किर्लोस्कर मंडळीत मुलांचे मास्तर होते, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. तात्यांच्या वाट्याला मात्र कुणी गडकरी आले नाहीत. त्यांचे मास्तर दुपारी झोपायचे.

पोरगं आलं की पहिल्यांदा नांदीला मागे उभं राहायचं, सूर धरायचा. मग सखी, दासी, बटू, ऋषिकुमार. गळा चांगला निघाला तर तालीममास्तर त्याला बाजूला काढायचे आणि स्त्रीपार्टी म्हणून तयार करायचे: चालणं, पदर सावरणं, बसणं, मान वळवणं. त्या काळी बायका या कंपन्यांत काम करत नव्हत्या, म्हणून नायिकेचं काम करणारा पोरगा हेच कंपनीचं भांडवल. केशवराव भोसले चार-पाच वर्षांचे असताना स्वदेश हितचिंतक मंडळीत गेले आणि पोरवयातच 'शारदा' नाटकातल्या त्यांच्या शारदेला गर्दी लोटायला लागली.

आणि मग आवाज फुटायचा.

माझ्या मते नटाच्या सबंध कारकिर्दीतला निर्णायक क्षण हाच होता. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, तुमच्या हातात काहीही नसताना. काल वन्स मोअर घेणारा पोरगा आज वरचा षड्ज लावायला जातो आणि घशातून भलतंच निघतं. वर्ष-दीड वर्ष थांबून गळा परत बसला तर ठीक. नाही बसला, तर कंपनी लगेच हाकलत नसे, हे कबूल करायला हवं. पण पंगतीतली जागा तीच राहिली तरी तालमीतली जागा सरकायची. तात्यांचा गळा परत आला नाही. त्यांना तीन नायिकांच्या नकला, म्हणजे त्या भूमिकांची भाषणं आणि पदं, तोंडपाठ होती, आणि मुख्य स्त्रीपार्टी हिवतापाने पडला तर उभं राहायचं एवढंच काम उरलं. तेरा वर्षांत असा प्रसंग चारदा आला. ते चार खेळ, गावांच्या नावांसकट, त्यांना सत्तरीतही आठवायचे. बाकी वेळ ते विंगेत पुस्तक धरून उभे, म्हणजे प्रॉम्प्टर. शेवटी कपडेपट.

गळा टिकला तरी दुसरी अडचण शरीराची. भाऊराव कोल्हटकर 1882 च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत आले ते शकुंतला-सुभद्रा करायला. त्यांच्या आवाजाचं वर्णन करताना जुनी माणसं सरसावून बसायची. पण पुढे ते पुरुष भूमिकांकडे वळले. 'वीरतनय' नाटकात शूरसेन केला. म्हणजे सुंदर स्त्री म्हणून लोकांच्या डोळ्यांत बसलेल्या माणसाने त्याच लोकांसमोर मिशी लावून यायचं. भाऊरावांना ते जमलं, कारण गाणं तेच होतं. 1901 मध्ये ते गेले तेव्हा चाळिशीही आली नव्हती. सगळ्यांना जमत नसे. बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही नायिका केल्या आणि प्रेक्षकांनी त्या चालवून घेतल्या, पण तो अपवाद आहे. बालगंधर्वांवरून कंपनीतल्या नटाचा अंदाज बांधणं म्हणजे सचिनवरून तालुक्याच्या क्रिकेटपटूचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

आता वरच्या पायरीकडे येतो. पगारी नटाची खरी बढती एकच: भाग मिळणं. म्हणजे नफ्यात हिस्सा, मालकांत नाव. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये वारल्यावर त्यांची मंडळी भाऊरावांसारख्या नटांच्याच मालकीने चालली. म्हणून खालच्या प्रत्येक हुशार नटाच्या डोळ्यांसमोर तेच चित्र. आत मिळाला नाही तर बाहेर पडून स्वतःची कंपनी काढायची. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1913 मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पाच वर्षांनी त्याच किर्लोस्करमधून दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे फुटले आणि बलवंत संगीत मंडळी झाली. दीनानाथ तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे. केशवराव भोसल्यांनी 1 जानेवारी 1908 ला हुबळीत ललितकलादर्श काढली तेव्हा तेही सतराच. सतराव्या वर्षी चाळीस माणसांच्या चुलीची जबाबदारी! आपल्याकडे त्या वयात पोराला बाईकची किल्ली देताना दहा वेळा विचार करतात.

'कंपनी फुटली' हा शब्द मराठी नाट्येतिहासात सारखा येतो आणि तो बहुधा भांडण, मत्सर अशा रंगात सांगितला जातो. मला ते अर्धवट वाटतं. पगारी नटाला वर जायला दुसरा रस्ताच नव्हता. मालकाची खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबलात तर तोवर तुमचा गळा संपलेला. त्यामुळे गळा ऐन भरात असताना फुटून निघणं हाच शहाणपणाचा हिशेब. गंमत अशी की एवढं करून मालक झालेला नट बहुतेक वेळा पगारी नटापेक्षा वाईट अवस्थेत गेला. पगारी माणसाचा फार तर पगार बुडतो, मालकाच्या डोक्यावर कर्ज चढतं. गंधर्व मंडळीचा थाट, शालू, गालिचे, अत्तर, साथीला तिरखवाँसारखा तबलजी, हे सगळं प्रेक्षक म्हणून फार छान. पण त्याची बिलं कुणीतरी भरायची असतात. बोडस, टेंबे पुढे बाहेर पडले आणि ओझं एकट्या बालगंधर्वांवर राहिलं. दीनानाथांच्या बलवंतने 1934 मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' या बोलपटात हात घातला आणि कंपनी बुडाली. सांगलीत आमच्या लहानपणी म्हातारी माणसं त्याबद्दल अशी हळू आवाजात बोलायची, की वाटावं परवाच घडलंय.

रजा तर कुणालाच नसे, मालक असो की नट. 1911 मध्ये 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतात. (तेव्हा ते किर्लोस्करमध्येच होते, स्वतःची कंपनी नंतरची.) तात्या ही गोष्ट निघाली की फक्त एवढंच म्हणायचे, "तिकिटं गेली होती ना." त्यात कुचेष्टा नव्हती. खेळ पडला तर पन्नास माणसांचं काय होतं हे त्यांनी पंगतीत बसून पाहिलं होतं. आधी तूप बंद व्हायचं, मग भाजी पातळ व्हायची.

1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. दोन प्रतिस्पर्धी मालक, एक नायिका भामिनी आणि एक नायक धैर्यधर. ऑक्टोबरात केशवराव वारले, एकतिसाव्या वर्षी. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली, आणि ते 1937 मध्ये गेल्यावर तीही थांबली. काही वर्षांनी भालचंद्र पेंढारकरांनी ती परत उभी केली, पण तोवर बिऱ्हाडाचे दिवस गेले होते.

ते गेले कसे? बोलपट आला, नाट्यगृहांत पडद्यावरची चित्रं नाचू लागली, हे एक. दुसरं कारण कमी बोललं जातं: बायका आल्या. 1929 मध्ये हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह रंगभूमीवर उतरल्या. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे आल्या. झालं ते चांगलंच झालं, यात वाद नाही. पण एक सबंध पेशा, ज्यात पोराला नवव्या वर्षी घालून वीस वर्षं घडवत होते, तो पाच-सात वर्षांत बिनकामाचा झाला. पदर सावरायला शिकलेल्या पंचविशीतल्या पुरुषाने त्यानंतर काय करावं?

काहींना सिनेमाने घेतलं. टेंबे 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले. महाराष्ट्र नाटक मंडळीत वाढलेले केशवराव दाते 'अमृतमंथन' आणि 'कुंकू'त दिसले. मला सगळ्यांत आवडतं ते विष्णुपंत पागनीसांचं उदाहरण: तरुणपणी स्त्रीपार्टी, मग गाण्याचे मास्तर, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रभातचे 'संत तुकाराम'. त्या तुकारामाच्या चालण्या-बोलण्यात जो मऊपणा आहे तो कुठून आला असेल, हे पाहताना दर वेळी माझ्या डोक्यात येतं.

बाकीच्यांची नोंद कुठे नाही. कुणी भजनी मंडळाला पेटी शिकवली, कुणी हौशी नाटकांना कपडे आणि दाढ्या-मिशा भाड्याने दिल्या, कुणी गावच्या जत्रेतलं नाटक बसवून दिलं. आज तुम्ही विचारता तशी कायम पगाराची मंडळी म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ, 1964 पासूनचं. मराठी व्यावसायिक नाटकात नट 'नाइट'वर काम करतो, प्रयोग झाला की तेवढ्याचे पैसे. राहणं-जेवणं ज्याचं त्याने बघायचं, सहा महिन्यांचा पगारही तुंबत नाही. दोन्हींत बरं कुठलं, हे मला ठरवता आलेलं नाही. तात्यांना विचारलं असतं तर त्यांनी बिऱ्हाडच सांगितलं असतं, पगार बुडूनही.

तात्यांनी परत आल्यावर एका कापडदुकानात नोकरी धरली आणि तीस-एक वर्षं केली. पातळं दाखवताना ते एक पदर स्वतःच्या खांद्यावर असा टाकायचे की बायका तेच पातळ मागायच्या; मालकाला ते ठाऊक होतं आणि त्याने पगार कधी थकवला नाही. जेवणाची वेळ मात्र त्यांची शेवटपर्यंत बदलली नाही. खेळाआधी पोटभर खायचं नाही, पंगत खेळ संपल्यावर. घर नऊला निजायचं, आणि आजी त्यांचं ताट झाकून ठेवायची. रात्री दीडच्या सुमाराला स्वयंपाकघरात भांडं वाजलं की आम्ही मुलं अंथरुणातच म्हणायचो, सुटलं नाटक.