वाचकांचे प्रश्न : जपानमधले ते महिला विद्यापीठ

प्रश्न : महर्षी कर्वे यांना स्फूर्ती देणारे जपानी महिला विद्यापीठ ख्रिस्ती मिशनचे होते, असे वाचले. खरे का?

उत्तर : नाही. इथे दोन संस्थांची गल्लत होते, आणि तिला नावेच कारणीभूत आहेत. कर्व्यांच्या हाती माहितीपुस्तिका आली ती ‘निहोन जोशी दाइगाकु’ची, म्हणजे ‘जपान महिला विद्यापीठा’ची. १९०१ साली ही संस्था काढणारे नारुसे जिन्झो पूर्वी पाद्री होते खरे, पण संस्था कोणत्याही पंथाची नव्हती.

ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे ‘तोक्यो जोशी दाइगाकु’ (तोक्यो महिला विद्यापीठ). स्थापना १९१८, म्हणजे कर्व्यांच्या विद्यापीठानंतर दोन वर्षांनी! इंग्रजी नावात ‘ख्रिश्चन’ आहे, जपानी नावात नाही. घोळ तिथेच होतो. उत्तर अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मिशनांनी एकत्र येऊन ते उभे केले. पहिले अध्यक्ष नितोबे इनाझो. रोजचा कारभार मात्र यासुई तेत्सु या बाई पाहत. १९२३ मध्ये त्याच अध्यक्ष झाल्या.

त्या काळी जपानी मुलींचे शिक्षण ‘सुगृहिणी आणि सुमाता’ या चौकटीतले. तोक्योच्या या ख्रिस्ती संस्थेचा भर मात्र व्यक्ती म्हणून घडण्यावर आणि उदारमतवादी शिक्षणावर होता. बोधचिन्हात एकमेकांत गुंफलेले दोन ‘एस’ दिसतात : ‘सर्व्हिस’ आणि ‘सॅक्रिफाइस’, म्हणजे सेवा आणि त्याग. तोक्योच्या सुगिनामी भागातल्या आवारात मुख्य इमारतीच्या भिंतीवर ‘जे काही सत्य आहे’ हे बायबलमधले वचन लॅटिनमध्ये कोरलेले आहे.

एक बारकावा : नावात ‘दाइगाकु’ म्हणजे विद्यापीठ असले, तरी दोन्ही संस्थांना कायद्याने तो दर्जा मिळाला थेट १९४८ साली. तोवर सरकारदरबारी त्या ‘सेनमोन गाक्को’, म्हणजे विशेष विषयांची महाविद्यालये होत्या.