जँगो की लाराव्हेल? आधी हे कर

अरे, ऐरोली ते ठाणे एवढ्या प्रवासात तू वेबसाइट बांधायच्या चार फ्रेमवर्कची, म्हणजे तयार सांगाड्यांची, नावं घेतलीस. पायथॉन येतं ना तुला? मग त्यातलंच फ्रेमवर्क जँगो घे आणि सहा महिने दुसरीकडे बघू नकोस. पीएचपी ही भाषा येत असती तर तिच्यातलं लाराव्हेल म्हणालो असतो. स्वस्तातल्या होस्टिंगवर ते पटकन चढतं.

जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमी आली की लगेच टाकायची, म्हणून त्यात अ‍ॅडमिन पॅनल, म्हणजे माहिती भरायची-बदलायची पानं, आयतं मिळतं. त्यावर भाळू नकोस मात्र. ते आतल्या माणसांसाठी, गिऱ्हाइकाला दाखवायला नाही.

खरी मेख डेटाबेसशी असते. मी घणसोलीतल्या एका सोसायटीसाठी मेंटेनन्सच्या पावत्यांचं पान केलं होतं. माझ्या लॅपटॉपवर दहा पावत्या, पान झटकन उघडायचं. तिथे दोनशे झाल्या आणि सेक्रेटरी काका म्हणाले, "चहा होतो, पण तुझं पान उघडत नाही." पावत्यांची यादी आणायला एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक विचारणा, आणि टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, प्रत्येक पावतीचा फ्लॅट छापताना आणखी एक. एकूण २०१! जँगोचं 'सिलेक्ट रिलेटेड' लावलं, पावत्या आणि फ्लॅटचे तक्ते जोडले जाऊन (जॉइन) एकच क्वेरी उरली. तेव्हा पानामागच्या क्वेरी दाखवणारा डीबग टूलबार पहिल्या दिवसापासून लाव, क्वेरींचा आकडा बघत जा.

आणि साइट लाइव्ह करताना डीबग मोड, म्हणजे चुका तपशिलात दाखवायची सेटिंग, बंद. नाहीतर एरर आली की तुझा कोड अख्ख्या गावाला दिसेल.

रविवारी ये घरी, लॅपटॉप घेऊन.