गव्हाचं काड कागदाला द्यावं का? शेतकऱ्यांचे प्रश्न, इंदूर

प्रश्न (सांवेर): हार्वेस्टरने गहू काढला. उरलेली नरवाई, म्हणजे शेतात राहिलेलं काड, बेलरवाला गठ्ठे बांधून न्यायला तयार आहे, कागद कारखान्याला लागते म्हणतो. द्यावी का?

बेलरवाला खोटं बोलत नाही. खोक्यांचा तपकिरी कागद आणि पुठ्ठा गव्हाच्या काडापासून, उसाच्या चिपाडापासून आणि रद्दीपासून होतो. कारखान्यात काड कापून, धूळ झटकून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात वाफेच्या दाबाखाली शिजवतात. काडाला ताठ ठेवणारं लिग्निन सोड्यात उतरतं आणि तंतू मोकळे होतात. हा लगदा धुऊन इतका पातळ करतात की शंभर भागांत जेमतेम एक भाग तंतू राहतो. मग तो चालत्या जाळीवर सोडायचा, पाणी निथळू द्यायचं, दाबायचं आणि तापलेल्या रुळांवरून वाळवत न्यायचं. १०० किलो कोरड्या काडातून लगदा साधारण ४०-४५ किलोच हाती येतो.

आता भावाचं. काडात, त्यातही पात्यांत, सिलिका (वाळूत असतो तोच पदार्थ) असते. लाकडाचे कारखाने शिजवणीचं काळं पाणी आटवून जाळतात आणि सोडा परत मिळवतात. काडाच्या काळ्या पाण्यातली सिलिका मात्र आटवायच्या नळ्यांवर खपली धरते. म्हणून काडाला लाकडाचा भाव कधीच मिळायचा नाही. त्यात काड हलकं. ट्रक भरतो, वजन भरत नाही, आणि भाडं शेवटी तुमच्याच दरातून कापलं जातं.

गठ्ठे द्यायचेच असतील तर दव वाळल्यावर, काड कडकडीत असताना बांधून घ्या. मूठभर काड पिळून बघा: तडतडून मोडलं तर वाळलंय, नुसतं वळलं तर अजून ओल आहे. ओला गठ्ठा आतून तापतो. दोन-चार दिवसांनी मधोमध हात घाला. ऊब आणि आंबूस वास आला की तो माल परत येणार, हे धरून चाला. माती आणि प्लास्टिकची सुतळीही चालत नाही.

पण गोठ्यात जनावरं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: आधी रीपरने भुसा करून वर्षाची सोय करा, उरलं तर बेलरला द्या. उन्हाळ्याच्या शेवटी भुसा विकत घ्यायची वेळ आली की गठ्ठ्यांचे पैसे कुठे गेले ते कळतही नाही. शिवाय टनभर काडाबरोबर शेतातून सुमारे ५ किलो नत्र आणि १० किलोच्या आसपास पालाश जातं. दरवर्षी एकाच शेतातलं सगळं काड उचलू नका. आणि काडी लावायचा विचारही नको. नरवाई जाळायला बंदी आहे, दंड होतो.

प्रश्न (महू): नाल्याकाठी पडीक तुकडा आहे. कागदासाठी निलगिरी लावू की बांबू?

कागदाला दोन्ही चालतात. निलगिरीचा तंतू आखूड, जेमतेम १ मिलिमीटर; त्याने कागद गुळगुळीत होतो. बांबूचा तंतू त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, त्याने कागदाला बळ येतं. आपल्या शेजारचा नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना १९५६ साली राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा तो सालईच्या लाकडावर आणि बांबूवरच चालायचा.

तुमच्या जागेला मी बांबूच सांगेन. मुळं काठ धरून ठेवतात, पाचव्या वर्षापासून दरवर्षी तोडणी मिळते, आणि कागदवाला आला नाही तरी शिडी, मांडव, टोमॅटोचे आधार यांना गिऱ्हाईक असतंच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर खाजगी जमिनीवरचा बांबू वन कायद्यात ‘झाड’ धरला जात नाही. रोपं ५ × ५ मीटरवर लावा. तोडताना तीन वर्षांवरचेच काढा, त्या सालचे कोंब राखा. निलगिरी ४-५ वर्षांत तोडीला येते हे खरं, पण तिच्या सावलीखालचा गहू खुरटतो आणि बांधापलीकडच्याशी भांडण होतं ते वेगळं.

प्रश्न (देपालपूर): सोयाबीनचा भुसा कागदाला जाईल का?

त्या नादी लागू नका. थ्रेशरमधून तो शेंगांच्या टरफलांसकट चुरा होऊन येतो, त्यात कागदाजोगे तंतू फारसे उरत नाहीत. जनावरांना घाला. उरलेल्याचा शेणकाल्याबरोबर थर देऊन इंदूर पद्धतीने खड्डा भरा. ही पद्धत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संशोधन संस्थेत बसवली. तीन वेळा उलथापालथ केली आणि ओल राखली की साधारण ३ महिन्यांत खत तयार. आत्ता, गहू निघाल्यावर, खड्डा भरलात तर येत्या खरिपाऐवजी रब्बीला वापरा, पेरणीआधी ते नीट मुरायला हवं.