दंडांच्या शस्त्रक्रियेनंतरचे दीड-दोन महिने

अगं, वजन उतरल्यावर दंडांची लोंबणारी कातडी काढायची ही शस्त्रक्रिया झाली, की पहिल्या आठवड्यात दंड सुजून जाड दिसले तर घाबरू नकोस. माझेही दिसले होते, आणि मी आरशासमोर रडले होते. झोपताना दोन्ही हात उशांवर, छातीपेक्षा थोडे वर ठेव. कम्प्रेशनच्या घट्ट बाह्या डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा ४ ते ६ आठवडे, घालायच्या.

खरी परीक्षा घरकामाची. भरलेला कुकर, पाण्याची कळशी, कडेवरचं मूल, काहीच उचलायचं नाही. वरच्या फळीवरचे डबे आधीच ओट्यावर काढून ठेव. डोक्यावरून घालायचे कुर्ते नकोत, पुढून बटणांचे सैल गाऊन शिवून घे. वेणी घालायला कुणीतरी लागेल. सांगायला लाजू नकोस.

काखेजवळची जखम फार चिवट, तिथे घामही आणि हालचालही. टाका उसवला तर लगेच डॉक्टरांना दाखव. ताप, पू, वाढती लाली, एकच हात अचानक सुजणं, दम लागणं, छातीत दुखणं, यात सकाळची वाट बघायची नाही.

आणि प्रथिनं! वजन उतरवताना आपलं जेवण आधीच कमी झालेलं असतं. वजन कमी करायला पोटाची बायपास (गॅस्ट्रिक बायपास) झाली असेल तर लोह आणि बी-१२ दंडांच्या शस्त्रक्रियेआधीच तपासून घे. अंडी, पनीर, मुगाचं धिरडं रोज हवं.

व्रण वर्ष-दीड वर्ष लालसर राहतो. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल लाव, उन्हात झाकून ठेव. दंडाची आतली बाजू काही महिने बधिर राहू शकते. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नकोस, चटका बसलेला कळत नाही.