दुपारी बाराचा संधिप्रकाश

प्रश्न : डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही नॉर्वेतील लोफोटेन बेटांवर जाणार आहोत. त्या दिवसांत तेथे सूर्य उगवत नाही, असे आता कळले. केवळ नैसर्गिक प्रकाशात निसर्गचित्रे टिपता येतील का, की सहल पुढे ढकलावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सहल रद्द करू नका. लोफोटेन ६८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २१ डिसेंबरला सूर्य ऐन दुपारीही क्षितिजाच्या जेमतेम दीड-पावणेदोन अंश खाली असतो; म्हणजे आपल्याकडे सूर्य मावळल्यावर चार-पाच मिनिटांनी जो उजेड असतो, तो तेथे भरदुपारी असतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे गोदाघाटावर ही शोभा अर्ध्या तासात विरते. तेथे तो क्षितिजाला समांतर म्हणावा इतका तिरपा सरकतो आणि, आकाश निरभ्र असल्यास, संधिप्रकाश सुमारे पाच तास टिकतो. घाई करावी लागत नाही, हेच मला उत्तरेचे सर्वांत मोठे देणे वाटते.

तेथील हामनॉय गावाच्या पुलावर तिवई रोवून उभे राहिलात, तर कोळ्यांच्या लाल लाकडी घरांच्या छपरांवरचा बर्फ आधी निळा, मग कडेला किंचित गुलाबी आणि पुन्हा निळा होताना डोळ्यांदेखत दिसेल. हा निळेपणा जपायचा असेल, तर व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या छटेनुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय) ‘ऑटो’वर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवा आणि चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ, स्वरूपात घ्या. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या बर्फालाही करडा समजतो, म्हणून चौकटीत बर्फ जास्त असताना एक्स्पोजर (चित्रासाठी आत घेतलेला प्रकाश) एक स्टॉपपर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत, वाढवावे. मात्र हिस्टोग्राम (चित्रातल्या गडद-उजळ भागांचा आलेख) उजव्या, म्हणजे अतिउजळ, कडेला टेकू देऊ नये. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर भिंगावर दव धरते.

तारखा बदलता येत असतील, तर मी फेब्रुवारीचा पहिला आठवडा सुचवीन. तेव्हा सूर्य पाच-सहा तास वर असतो, पण माध्यान्हीही पाच-सहा अंशांपलीकडे चढत नाही. त्यामुळे सगळा दिवसच सोनेरी, लांब सावल्यांचा जातो. डिसेंबरमध्येच जाणे भाग असेल, तर पौर्णिमा पाहून जा. त्या सुमारास पूर्ण चंद्र तेथे बहुतेक वर्षांत दिवसभर मावळत नाही आणि बर्फाळ डोंगरांवर त्याचा उजेड दीर्घ एक्स्पोजरला (शटर बराच वेळ उघडे ठेवून चित्र टिपायला) पुरेसा पडतो.